मधमाश्या आणि बुरशी

मधपेटीच्या दाराशी, जेथे माश्या बाहेरून येऊन उतरतात त्या फळीवर, कधी कधी सकाळच्या वेळी खडूच्या तुकड्यांसारखे बारीक खडे पडलेले आढळतात. काही पांढरेशुभ्र असतात, काही राखी, तर काही पार काळे. नवख्या मधपाळाची समजूत होते की, परागाचे वाळलेले गोळे माश्यांनी बाहेर टाकले असावेत. परंतु असा एखादा खडा तळहातावर घेऊन निरखला, तर त्याच्या अंगावर पोळ्यातील षट्कोनी घराचा ठसा स्पष्ट दिसतो. तो परागाचा गोळा नसतो. ती मधमाशीची मेलेली अळी असते. बुरशीने तिला आतून पोखरून, शोषून आणि वाळवून असा खडा बनविलेला असतो. पोळ्याची चौकट उचलून हलकेच हलवावी, तर बंद घरांमधून असेच खडे खुळखुळ्यासारखे वाजतात.

या रोगाला चॉकब्रूड असे नाव आहे. मराठीत त्याला खडूरोग म्हणावयास हरकत नाही. त्याला कारणीभूत होणाऱ्या बुरशीचे वर्णन जर्मनीत मासेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केले. तिचे आजचे नाव ॲस्कोस्फेरा एपिस. त्यातील ॲस्कोस्फेरा ही प्रजाती स्पिलटॉयर आणि ऑलिव्ह या अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली निश्चित केली. पुष्कळ काळ हा युरोपातील रोग म्हणूनच ओळखला जाई. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात आढळला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या बहुतेक भागांत पसरला. माशी स्वतः एवढा प्रवास करीत नाही. तिच्या पेट्या, मेण, पराग आणि राण्या यांचा व्यापार करणारा माणूस तो करतो.

बुरशीचा हा हल्ला मोठ्या विलक्षण रीतीने होतो. बुरशीचे बीजाणू अळीच्या पोटात जातात ते अन्नाबरोबर, म्हणजे तिला भरविणाऱ्या दाई-माश्यांच्याच मुखाने. तीन-चार दिवसांच्या अळीला याची बाधा सर्वांत सहज होते. मधमाशीच्या अळीचे अन्ननलिकेचे मागचे टोक वाढ पुरी होईपर्यंत बंदच असते. त्यामुळे अन्न आत जाते, पण मळ बाहेर पडत नाही. या बंद कोठीत प्राणवायू कमी आणि कर्बवायू अधिक असतो, आणि नेमकी हीच परिस्थिती बीजाणूंना अंकुर फुटण्यास पोषक ठरते. अंकुरातून निघालेले तंतू आतड्याची भिंत भेदतात, सर्व शरीर व्यापतात आणि अखेरीस त्वचा फोडून बाहेर येतात. बहुधा तोवर कामकरी माश्यांनी त्या घरावर मेणाचे झाकण घातलेले असते. तंतूंनी फुगलेली अळी घराच्या सहाही भिंतींना जाऊन टेकते आणि पुढे वाळून आक्रसते. सुरुवातीला सांगितलेला षट्कोनी ठसा उमटतो तो असा.

पांढरे आणि काळे असा खड्यांत भेद का असावा? या बुरशीत दोन भिन्न वाण असतात. बाहेरून ते सारखेच दिसतात, पण एकाला दुसऱ्याशी संयोग झाल्यावाचून बीजाणू निर्माण करता येत नाहीत. अळीच्या देहात एकच वाण वाढला, तर ती पांढरी राहते. दोन्ही वाण एकत्र आले म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या गडद रंगाच्या सूक्ष्म कुप्या तयार होतात आणि खडा काळवंडतो. म्हणून भय बाळगावयाचे ते काळ्या खड्याचे. त्यातील बीजाणू चिकट असतात. ते मधात, मेणात, परागात, लाकडाच्या भेगांत राहतात आणि पंधरा वर्षांनंतरही जिवंत आढळले आहेत. जुन्या पेट्या स्वस्तात विकत घेणाऱ्याने हा हिशेब विसरता कामा नये.

मात्र बीजाणू पोळ्यात असले म्हणजे रोग झालाच असे नाही. कित्येक निरोगी वसाहतींत ते सापडतात. रोग उद्भवतो तो थंडी आणि ओल यांच्या साहाय्याने. मधमाश्या आपल्या पिलाव्याचे तपमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसवर राखतात. त्यासाठी त्या पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता उत्पन्न करतात, आणि उकाड्यात पाणी आणून पंखांनी वारा घालतात. पिलाव्याची ऊब ३० अंशांपर्यंत थोडा वेळ जरी घसरली, तरी बुरशीचे फावते. म्हणून समशीतोष्ण देशांत हा रोग वसंतारंभी बळावतो. त्या दिवसांत राणी झपाट्याने अंडी घालते, पिलावा वाढतो, पण त्याला ऊब देणाऱ्या माश्यांची संख्या अजून तोकडीच असते. पोळ्याच्या कडेची घरे सर्वांत आधी गार पडतात, आणि नरांच्या अळ्या बहुधा तेथेच असतात. त्यामुळे रोगाचे पहिले बळी पुष्कळदा नरच ठरतात.

ऊब हे मधमाशीचे शस्त्रच आहे की काय, असा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस सीली आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वसाहतींना या बुरशीचे बीजाणू अन्नातून दिले. तेव्हा एकही अळी मरण्यापूर्वीच पिलाव्याचे तपमान किंचित, एका अंशाहूनही कमी, पण निश्चितपणे वाढलेले आढळले. माणसाला ज्वर येतो तो एका देहाला. येथे हजारो देहांच्या समूहाला मिळून ज्वर यावा, ही कल्पना शास्त्रज्ञांना मोहविणारी वाटल्यास नवल नाही. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तोच प्रत्यय आला असे नाही, हेही नमूद केले पाहिजे. समूहाच्या ज्वराची गोष्ट सुंदर आहे, एवढ्यावरून ती सर्वत्र खरी ठरत नाही.

याहून भक्कम पुराव्यावर उभी असलेली गोष्ट मधमाशीच्या स्वच्छतेची आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील वॉल्टर रोथेनबुलर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. ते बुरशीविषयी नव्हते. अळी सडविणाऱ्या एका जंतुरोगाविषयी होते. काही वसाहती मेलेली अळी तत्काळ शोधून बाहेर फेकतात, काही तिला तशीच राहू देतात. अशा दोन वसाहतींचा संकर केल्यावर पुढच्या पिढ्यांत रोथेनबुलर यांना एक मजेदार भेद दिसला. काही वसाहतींतील माश्या मेलेल्या अळीच्या घराचे झाकण उघडीत, पण अळीला हात लावीत नसत. उलट काही वसाहती झाकण उघडीत नसत. पण संशोधकाने ते आपल्या हाताने काढून दिले की अळी ओढून बाहेर टाकीत. उघडणे आणि ओढणे हे दोन निराळे आनुवंशिक गुण असले पाहिजेत, असे अनुमान त्यांनी काढले. यात दोनच नव्हे, तर पुष्कळ अधिक जनुकांचा हात असतो, असे पुढील संशोधनाने दाखविले. तरी मूळ निरीक्षण अबाधित आहे.

खडूरोगात या स्वच्छतेला विशेष महत्त्व आहे. अळी मेल्यानंतर बीजाणू पिकण्यास काही अवधी लागतो. त्या अवधीत तिला बाहेर काढले, तर रोगाची साखळी तुटते. उशीर झाला, तर सफाई करणारी माशीच बीजाणूंनी माखते आणि तेच घरोघर पोचविते. मिनेसोटा विद्यापीठातील मार्ला स्पिव्हाक यांनी अशा तत्पर माश्यांची निवड करून त्यांचे वाण जोपासले. परीक्षा साधी आहे. पिलाव्याचा एक लहानसा तुकडा गोठवून मारावयाचा आणि दोन दिवसांत तो किती साफ होतो ते पाहावयाचे. जी वसाहत जवळजवळ सगळा साफ करील, तिच्या राणीच्या मुली पुढील पैदाशीसाठी ठेवावयाच्या. स्पिव्हाक आणि त्यांचे सहकारी सायमन-फिनस्ट्रॉम यांनी २०१२ साली आणखी एक गोष्ट दाखविली. खडूरोगाच्या बीजाणूंची बाधा झालेल्या वसाहतींत झाडांचा डिंक आणि राळ गोळा करून आणणाऱ्या माश्यांची संख्या वाढते. या राळेपासून बनणारे रोगण, ज्याला प्रोपोलिस म्हणतात, बुरशीला मारक असते. दुर्दैवाने बहुतेक मधपाळ हे चिकट रोगण खरवडून टाकतात, कारण त्यामुळे चौकटी एकमेकींना चिकटतात!

औषधाच्या बाबतीत मात्र निराशाच आहे. खडूरोगावर खात्रीचे म्हणता येईल असे औषध अद्याप हाती आलेले नाही. म्हणून उपाय उरतात ते गृहकृत्याच्या स्वरूपाचे: पेटी कोरड्या जागी ठेवणे, हवा खेळती ठेवणे, दुबळ्या वसाहतीला मोठी पेटी न देणे, काळी पडलेली जुनी पोळी काढून टाकणे आणि रोग हटत नसेल तर राणी बदलणे.

बुरशीचा दुसरा रोग विरळा आहे, पण ओंगळ आहे. ॲस्परजिलस प्रजातीच्या बुरश्यांमुळे अळ्या दगडासारख्या टणक होतात आणि त्यांवर हिरवट-पिवळी भुकटी चढते. या दगडी रोगात मोठ्या माश्याही मरतात. भुईमुगाच्या शेंगांत विष उत्पन्न करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ती हीच, आणि हिची भावंडे माणसाच्या फुप्फुसातही घर करतात. अशी चौकट उघडून नाकाजवळ नेणे शहाणपणाचे नाही.

येथवर जे सांगितले ते समूहाने राहणाऱ्या माशीविषयी. पण जगातील मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जातींपैकी बहुसंख्य जाती एकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांत दाई नाही, सफाई करणारी नाही, ऊब देणारी नाही. अशा माशीला बुरशी लागली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण पाने कापणाऱ्या मेगाकाइल रोटुंडाटा या माशीचे आहे. मूळची युरोप-आशियातील ही माशी उत्तर अमेरिकेत नकळत पोचली, आणि लसूणघासाचे बी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना ती वरदान ठरली. लसूणघासाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर ताणलेल्या कमानीसारखे दाबून बसविलेले असतात. माशी आत शिरताच ते उसळून तिला फटका देतात. पाळीव मधमाशीला हा फटका रुचत नाही. ती बाजूने मकरंद चोरून नेण्यास शिकते. पान-कापी माशी मात्र त्याची पर्वा करीत नाही. शेतकऱ्यांनी तिच्यासाठी हजारो छिद्रांच्या फळ्या उभारल्या. त्या छिद्रांत ती पानांचे तुकडे गुंडाळून एकापुढे एक कप्पे करते आणि प्रत्येकात परागाचा गोळा व एक अंडे ठेवते.

या फळ्यांत १९७० नंतरच्या दशकात ॲस्कोस्फेरा अग्रेगाटा नावाच्या बुरशीने थैमान घातले. अमेरिकेच्या पश्चिम भागात काही ठिकाणी निम्म्याहून अधिक अळ्या दगावल्या. मागच्या कप्प्यांतील माशीला बाहेर पडावयाचे, तर पुढचे कप्पे पोखरूनच यावे लागते. पुढच्या कप्प्यात भावंडाचे बीजाणूंनी भरलेले प्रेत असले, तर ती ते कुरतडून मार्ग काढते आणि सर्वांगी बीजाणू माखूनच उजेडात येते. मग त्याच अंगाने ती आपल्या पिलांसाठी पराग साठविते. हे दुष्टचक्र कॅनडातील शेतकऱ्यांनी तोडले ते अगदी यांत्रिक उपायाने. हिवाळ्यापूर्वी कप्पे फळ्यांतून काढून सुटे करावयाचे, चाळून घ्यावयाचे, थंड कोठीत ठेवावयाचे आणि फळ्या स्वच्छ करावयाच्या. सुट्या कप्प्यातील माशीला कोणाच्या प्रेतातून वाट काढावी लागत नाही. त्यामुळे कॅनडात रोग आटोक्यात राहिला, आणि अमेरिकी शेतकरी निरोगी माश्या कॅनडाकडून विकत घेऊ लागले.

तिसरा रोग नोसेमा. त्याची जात कोणती, याविषयी शास्त्राचे मत दीड शतकात पूर्ण फिरून आले आहे. रेशमाच्या किड्यांना होणाऱ्या पेब्रिन रोगातील सूक्ष्म जीवाला नेगेली यांनी १८५७ साली नोसेमा हे नाव दिले आणि त्याची गणना किण्वासारख्या जीवांत केली. पुढे तो आदिजीव ठरला. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून हे जीव बुरशीच्या कुळातले किंवा तिच्या अगदी निकटचे ठरले आहेत, आणि २०२० पासून मधमाश्यांतील जातींना व्हायरिमॉर्फा असे नवे नावही मिळाले आहे. मधपाळ मात्र नोसेमाच म्हणतात. फ्रान्समधील रेशीमधंदा पेब्रिनने बुडत असता १८६५ पासून पाश्चर यांनी त्याचा अभ्यास केला आणि मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडीच राखण्याची पद्धत घालून दिली. कर्नाटकातील रेशीम-बीजागारांत ही तपासणी आजही होते.

मधमाशीतील नोसेमा एपिसचे वर्णन जर्मनीत झांडर यांनी १९०९ साली केले. बीजाणू माशीच्या पोटात गेला की त्यातून गुंडाळलेली एक सूक्ष्म नळी झपकन बाहेर उसळते, आतड्यातील पेशीत शिरते आणि बीजाणूतील सर्व द्रव्य पिचकारीप्रमाणे आत सोडते. ती पेशी मग बीजाणूंचे कोठार बनते. अशा माशीच्या दुधाच्या ग्रंथी खुरटतात. ती दाईचे काम सोडून वेळेआधी रानात जाऊ लागते आणि लवकर मरते. १९९६ साली चीनमध्ये आशियाई मधमाशीत, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीत, याची दुसरी जात सापडली. तिचे नाव नोसेमा सेराना. दहा वर्षांच्या आत ती तैवान आणि स्पेन येथील युरोपीय मधमाश्यांत आढळली, आणि जुने नमुने तपासता ती त्याआधीच दूरवर पोचली होती असे दिसून आले. वसाहती कोसळण्याचा दोष स्पेनमधील संशोधकांनी तिच्यावर ठेवला. इतर देशांत तिचा एवढा संहार दिसला नाही. हवामान, विषाणू, कीटकनाशके आणि उपासमार यांपैकी कोणाची तिला जोड मिळते, यावर पुष्कळ अवलंबून असावे.

नोसेमावर मात्र औषध आहे, आणि ते बुरशीनेच दिलेले आहे. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या, दगडी रोगाला कारण होणाऱ्या, बुरशीपासून फ्युमॅजिलिन हे द्रव्य मिळते. कॅनडातील कॅट्झनेलसन आणि जेमीसन यांनी १९५२ साली ते नोसेमावर गुणकारी असल्याचे दाखविले. युरोपीय संघात ते मधमाश्यांना देण्यास मुभा नाही. औषध क्षीण होऊन अत्यल्प प्रमाणात उरले की नोसेमा सेराना उलट अधिक फोफावते, असेही २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले.

नोसेमाच्या तिसऱ्या जातीचे नाव बंबल माशीशी निगडित आहे. ही गुबगुबीत, केसाळ माशी हिमालयात आणि थंड देशांत राहते. महाराष्ट्रात ज्याला भुंगा म्हणतात तो लाकूड पोखरणारा कीटक निराळा. काचगृहांतील टोमॅटोच्या परागीकरणासाठी बंबल माश्यांची कारखान्याप्रमाणे पैदास १९८० नंतरच्या दशकात युरोपात सुरू झाली. १९९० नंतर अमेरिकेतील अशा पैदासगृहांत नोसेमा बॉम्बीची साथ आली, आणि त्याच सुमारास रानातील काही जाती दिसेनाशा होऊ लागल्या. रोग युरोपातून आला असावा, असा तर्क रॉबिन थॉर्प यांनी केला. संग्रहालयांतील जुन्या माश्या तपासून २०१६ साली असे आढळले की, हा जीव अमेरिकेत पूर्वीपासूनच होता. मात्र त्याचे प्रमाण त्याच वर्षांत वाढले. म्हणजे तर्काचा अर्धा भाग गळला, अर्धा उरला. ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरील चिमुकल्या प्रदेशात राहणारी फ्रँकलिनची बंबल माशी थॉर्प यांनी २००६ च्या ऑगस्टमध्ये एकदाच, एकटी पाहिली. त्यानंतर वर्षानुवर्षे ते तेथे शोध घेत राहिले. ती त्यांना पुन्हा दिसली नाही. थॉर्प २०१९ साली निवर्तले. दुसऱ्या एका जातीला २०१७ साली अमेरिकेने धोक्यातील प्राणी म्हणून कायद्याचे संरक्षण दिले.

इतके वाचल्यावर बुरशीनाशक फवारावे आणि मोकळे व्हावे, असे कोणास वाटेल. परंतु मधमाशी सर्वच बुरशीची वैरी नाही. साठविलेल्या परागात अनेक किण्वे आणि बुरश्या राहतात; त्यांपैकी काही खडूरोगाच्या बुरशीची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. ब्राझीलमधील स्कॅप्टोट्रिगोना डेपिलिस या दंशहीन माशीची अळी तर आपल्या घरात उगवणारी बुरशी खाऊनच वाढते. २०१५ साली तेथील संशोधकांनी दाखविले की, ही बुरशी न मिळालेल्या अळ्यांपैकी फारच थोड्या जगतात, आणि मिळालेल्यांपैकी बहुतेक. कोष होण्यास लागणारे एक द्रव्य अळीला बुरशीकडूनच मिळते. फळबागांत फुलोऱ्याच्या वेळी मारलेले बुरशीनाशक माशीला तत्काळ मारीत नाही, म्हणून ते निरुपद्रवी समजले जाते. पण परागाबरोबर ते पोळ्यात जाते आणि या मित्रांवरही चालते.

भारतात युरोपीय मधमाशी १९६० नंतरच्या दशकात हिमाचल प्रदेशातील नग्रोटा येथे यशस्वीपणे स्थिरावली. आज तिच्या पेट्या पंजाब-हरियाणातून राजस्थानच्या मोहरीवर आणि बिहारच्या लिचीवर मालमोटारींनी फिरतात. पेट्या फिरतात तेथे रोगही फिरतात. सातेरीवर आलेले सर्वांत मोठे अरिष्ट बुरशीचे नव्हते. १९९१-९२ पासून दक्षिणेत तिच्या असंख्य वसाहती ज्याने नष्ट केल्या, तो थाई सॅकब्रूड हा विषाणूरोग होता. त्यामुळे मेलेली अळी दिसली की आधी तिची ओळख पटविणे अगत्याचे ठरते. विषाणूने मेलेली अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते आणि चिमट्याने अखंड उचलता येते. जंतुरोगाने मेलेली सडते. तिच्यात काडी घालून ओढली तर कित्येकदा तार निघते. बुरशीने मेलेली कोरडी असते आणि खडखडते. ज्या पेटीत असे खडे सापडतील, तिची चौकट शेजारच्या पेटीत घालू नये, आणि तिला हात लावलेली पटाशी धुतल्याखेरीज दुसरीकडे वापरू नये. पावसाळा सुरू होण्यापूर्वी पेटी जमिनीपासून वर, पायांवर ठेवावी आणि दाराकडे किंचित उतार द्यावा, म्हणजे आत शिरलेले पाणी साचत नाही.